चित्रकथा, टीव्ही आणि आपली नातवंडे



टीव्हीने मुलं बिघडतात ही आपल्या पिढीची ठरलेली तक्रार. पण आमच्या लहानपणी हीच तक्रार चित्रकथांबद्दल होती. भूगोलाच्या पुस्तकात वेताळ लपवून वाचताना सापडलो की कान पिळला जायचा. आज त्याच चित्रकथांना लोक 'क्लासिक' म्हणतात, कपाटात जपून ठेवतात, आणि त्यांच्यावरून काढलेल्या मालिका नातवंडं बघायला लागली की आपणच ओरडतो, "अरे, त्यापेक्षा पुस्तक वाच की!" तेव्हा कागदावरून पडद्यावर येताना ह्या मंडळींनी सोबत काय आणलं आणि वाटेत काय टाकलं, ते जरा बघावं म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात आपल्या सिंगापूरपासूनच करू. इथला चित्रकथेतला सर्वांत गाजलेला माणूस वीर वगैरे नाही. तो आहे मिस्टर किआसू. 1990 साली जॉनी लाऊ आणि त्याच्या दोस्तांनी त्याचं पहिलं पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'सगळं मलापण पाहिजे' असा होतो. किआसू हा होक्किएन चिनी बोलीतला शब्द. किआ म्हणजे भिणं, सू म्हणजे हरणं. हरायला भिणारा तो किआसू. 2007 साली हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशातसुद्धा गेला, म्हणजे आपला हा गुण जगजाहीर झाला म्हणायचा!

पुस्तकातला किआसू डोळ्यांवर गोल चष्मा लावतो, त्याचे केस उभे. बुफेला गेला की ताटात डोंगर रचतो, कारण भरलेले पैसे वसूल झाले पाहिजेत. रांग दिसली की आधी उभा राहतो, ती कशाची हे मागाहून विचारतो. फुकट ते पौष्टिक, ही म्हण जणू त्याच्यासाठीच केलेली. इथे राहणाऱ्या प्रत्येकाने असा माणूस पाहिलेला आहे. हॉकर सेंटरमध्ये दुपारी बाराच्या सुमाराला टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवून जागा धरतात ना, ती त्याचीच भावंडं. (आमच्याही पर्समध्ये असं पाकीट असतं. ते नाक पुसायला, असं आम्ही म्हणतो.)

लोकांना तो इतका आवडला की त्याच्या नावाच्या वस्तू निघाल्या, मॅकडोनल्ड्समध्ये किआसू बर्गरसुद्धा मिळू लागला. हावरटपणाची थट्टा करायची आणि त्या थट्टेच्या नावावर आणखी माल खपवायचा, ह्यातली गंमत त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आली असेल. पुढे 2001 साली मीडियाकॉर्पच्या चॅनल 5 वर त्याची विनोदी मालिका झाली. च्यू चोर मेंग हा मँडरिन मालिकांतला नावाजलेला नट किआसू झाला होता.

चित्रातला माणूस आणि खराखुरा माणूस ह्यांत मोठा फरक असतो. चित्रातल्या किआसूला आपण बाहेरून हसतो. चार चौकटी, एक फजिती, पान उलटलं. टीव्हीवर मात्र तो दर आठवड्याला आपल्या दिवाणखान्यात येऊन अर्धा तास बसतो. इतका वेळ ज्याच्याबरोबर काढायचा तो माणूस आवडावाच लागतो, नाहीतर कोण बघेल? म्हणून नट त्याला प्रेमळ करतो, थोडा बिचारा करतो. आणि विनोदी मालिकेची दुसरी अडचण अशी, की त्यातला माणूस सुधारून चालत नाही. ह्या आठवड्यात हाव केली, फजिती झाली, खजील झाला, सगळं ठीक. पण तो खरोखर शहाणा झाला तर पुढच्या आठवड्यात दाखवायचं काय? म्हणून दुर्गुणाची शिक्षा दर भागात मिळते आणि दुर्गुण जागच्या जागी राहतो. मोठ्यांना ते कळतं. मुलाला काय कळतं? की असं वागलं तर लोक हसतात, पण शेवटी आपलेच म्हणतात.

हे वाईटच, असं आम्ही म्हणणार नाही. उलट ज्या देशाला स्वतःवर हसता येतं त्याची प्रकृती बरी असते. आमचा मुद्दा वेगळा आहे. आमच्या मुलीच्या कपाटात तिच्या लहानपणीची किआसूची पुस्तकं अजून आहेत. आमचा नातू पाचवीत आहे. त्याने ती सुट्टीत वाचून काढली, खदाखदा हसला, आणि जेवताना आईला विचारलं, "किआसू असणं वाईट ना? मग मला दोन-दोन ट्यूशन कशाला?" मुलगी म्हणाली, "तुझ्या भल्यासाठी. बाकीची मुलं पुढे जातील ना." तो म्हणाला, "अगं, हाच तर किआसू!" त्यावर घरातले सगळे जण डाळीकडे बघायला लागले.

सहावीच्या परीक्षेची इथली धास्ती तुम्हां वाचकांना सांगायला नको. सरकारने आपल्या परीने खूप केलं. 2021 पासून गुणांची जुनी पद्धत बदलून श्रेणी आणल्या, 2023 पर्यंत सहामाही परीक्षा शाळांतून काढूनच टाकल्या. तरी ट्यूशनचे वर्ग ओस पडलेले आम्ही तरी पाहिले नाहीत. मुलं मालिकेतली नीती शिकतात की नाही, हा वाद मोठी माणसं घालत बसतात, पण मुलं ती शिकतात आणि मग आपल्याकडे वळून बघतात. अडचण तिथे सुरू होते.

इथे थोडं आडवळण घेतो. फुआ चू कांग हा चित्रकथेतून आलेला नव्हे, टीव्हीवरच जन्मला, पण किआसूचा जवळचा नातेवाईक शोभतो. गालावर तीळ, पायात पिवळे गमबूट, घरं दुरुस्त करणारा कंत्राटदार. त्याची मोडकीतोडकी सिंग्लिश ऐकून मुलं बिघडतील म्हणून 1999 साली खुद्द पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात त्याचं नाव घेतलं, आणि त्याला इंग्रजीच्या वर्गाला घाला म्हणून सांगितलं! पुढे 2003 साली सार्स आला. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. दिवसभर तोंडाला मास्क, घरी मुलीला जवळ घ्यायची चोरी. 238 जण आजारी पडले, 33 गेले, आणि त्यांत आमच्यासारखे दवाखान्यात काम करणारेही होते. तेव्हा हात धुवा, ताप बघा, हे सांगायला टीव्हीवर कोण आला? तोच फुआ चू कांग, त्याच बोलीत गाणं म्हणत. आमचे छापील फलक कोणी वाचत नव्हतं, पण त्याचं गाणं वॉर्डमधली आयामंडळीसुद्धा गुणगुणायची. ज्याच्यात चार खोड्या आहेत त्याचं लोक ऐकतात, हे नर्सच्या धंद्यात आम्हांला आधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरने दरडावलेला पेशंट गोळ्या उशीखाली लपवतो, आणि शेजारच्या खाटेवरच्या विडीबाज काकांनी सांगितलं की मुकाट्याने घेतो.

आता आपल्या वेळच्या वीरांकडे येऊ. त्यांच्यात खोडी नावालाही नव्हती.

1964 साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. आम्ही पनवेलला शाळेत होतो. वाचनालयातून अंक भाड्याने आणायचा आणि एका दिवसात चार घरं फिरवायचा, असा हिशेब. वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. गुहेत राहणारा, कवटीची अंगठी घालणारा. त्याच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या एकच शपथ: चाचेगिरी, लोभ, क्रूरपणा आणि अन्याय यांच्याशी लढायचं. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं की हा अमर आहे. पण वाचणाऱ्याला माहीत असतं की तो तुमच्या-आमच्यासारखा माणूस आहे, गोळी लागली तर मरेल. त्याच्या अंगात दहा वाघांचं बळ आहे, अशी जंगलातली एक जुनी म्हण त्यात यायची. ती म्हणच होती. खरं बळ त्याने मेहनतीने कमावलेलं.

1986 साली अमेरिकेत 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' नावाची कार्टून मालिका निघाली. त्यात वेताळ, जादूगार मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन एकत्र आणले. तिथे वेताळ मंत्र म्हणतो आणि दहा वाघांचं बळ खरोखरच त्याच्या अंगात येतं! फरक लहान वाटतो, पण आम्हांला तो फार मोठा वाटला. मंत्राने येणाऱ्या बळाचं मूल काय करणार? बघत बसणार. मेहनतीने येणाऱ्या बळाचं ते काहीतरी करू शकतं. आम्ही त्या वयात रोज सकाळी विहिरीच्या रहाटावर हात मारायचो तो पाण्यासाठी कमी आणि वेताळासाठी जास्त.

वेताळाची एक बाजू मात्र आता डोळ्यांत खुपते, तीही सांगून टाकतो. शेकडो वर्षं जंगलात राहून न्याय देणारा तो एकटा गोरा, आणि बाकीचे सगळे त्याच्या शब्दाची वाट बघणारे. लहानपणी हे दिसलंच नाही. मालिका पाहताना नातीने मात्र लगेच विचारलं.

वेताळाचे जनक ली फॉक हे आपल्यासारखेच यहुदी घरातले, आणि मुलांनो, ते एकटे नव्हते. सुपरमॅन, बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका, ह्या सगळ्यांची जन्मकथा यहुदी मुलांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलांवरची आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर हे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावचे शाळासोबती. दोघेही परदेशातून आलेल्या कुटुंबांतले. 1932 साली जेरीच्या वडिलांच्या कपड्याच्या दुकानात चोर शिरले, आणि त्या प्रसंगातच वडील वारले. त्यानंतरच्या वर्षांत ह्या मुलाने असा माणूस कल्पिला की ज्याला बंदुकीची गोळी लागत नाही. 1938 साली सुपरमॅन छापून आला. 1940 साली तर नाझींच्या एस. एस. च्या वर्तमानपत्राने सीगलला नाव घेऊन शिव्या घातल्या. आणि अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्षभर असताना जो सायमन आणि जॅक कर्बी ह्यांनी कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो, असं मुखपृष्ठ काढलं. त्या काळात एवढी हिंमत पुष्कळ सरकारांना झाली नव्हती.

सुपरमॅन टीव्हीवर आला 1952 साली. जॉर्ज रीव्हज हा नट होता, 1958 पर्यंत एकशे चार भाग झाले. पहिल्या वर्षाचे भाग जरा कडक, पुढे मुलांचा प्रेक्षक ओळखून मवाळ केले. चोर त्याच्यावर गोळ्या झाडतात, तो कमरेवर हात ठेवून हसत उभा राहतो. गोळ्या संपल्या की चोर रिकामं पिस्तूल फेकून मारतो, आणि सुपरमॅन पटकन खाली वाकतो! मुलांनो, सापडला तर हा प्रसंग जरूर बघा.

सत्य आणि न्याय हे त्या मालिकेचं ब्रीद. दर भागाच्या सुरुवातीला ते घोकून घेत. पण ज्या दोघांनी सुपरमॅन निर्माण केला त्यांची नावं त्यात नव्हती. त्यांनी सगळे हक्क एकशे तीस डॉलरला विकून टाकले होते. तरुण होते, पोटाला हवं होतं. नंतर भांडले, कोर्टात गेले, आणि त्यांची नावं पुस्तकांवरूनही गेली. कंपनी कोट्यधीश झाली. म्हातारपणी सीगल कारकुनी करत टाइपरायटर बडवत होता आणि शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. शेवटी 1975 साली मोठा सिनेमा निघायच्या वेळी सीगलने वर्तमानपत्रांना पत्रं पाठवली, चित्रकारमंडळी पाठीशी उभी राहिली, आणि दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरची पेन्शन आणि नाव परत मिळालं. सदतीस वर्षं! आम्हांला विचाराल तर सुपरमॅनची सर्वांत नीतीची गोष्ट हीच, आणि ती कोणत्याही भागात दाखवलेली नाही.

बॅटमॅनचं तर त्याहून विचित्र. 1966 सालची मालिका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, ॲडम वेस्टची. उपदेशाची पेटीच ती. बॅटमॅन आपल्या चेल्याला रॉबिनला गाडीत पट्टा बांधायला सांगतो, अभ्यास कर म्हणतो, रस्ता नीट ओलांड म्हणतो. त्या काळी पट्टा बांधायला सांगणारं टीव्हीवर दुसरं कोण होतं? अपघात विभागात डोकी शिवून शिवून आमची बोटं दुखायची, तेव्हा आम्ही मनातल्या मनात बॅटमॅनचे आभार मानायचो. पण त्याच भागात शेवटी हाणामारी. दर ठोशाला पडद्यावर रंगीत अक्षरं उमटणार, धाड! फाड! आणि कोणालाही काही होत नाही. मुलांनो, आता एका जुन्या नर्सचं ऐका. खऱ्या ठोशाने जबडा मोडतो. मग वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधतात, सहा-सहा आठवडे तोंड उघडत नाही, आणि नळीने पातळ पेज ओढावी लागते. उशाशी कात्री ठेवतात, का, तर ओकारी आली तर तारा कापता याव्यात. पट्टा बांध हे ज्या मालिकेने इतकं गंभीरपणे सांगितलं तिने मार किती दुखतो हे मात्र अक्षरांखाली झाकलं. आणि मुलांना काय आठवतं? आमच्या वॉर्डात आलेल्या एकाही मुलाने पट्ट्याचं नाव काढलं नाही, धाड-फाड मात्र सगळ्यांना यायचं.

आर्चीचं थोडक्यात सांगतो. 1954 साली अमेरिकेत चित्रकथांवर एवढं काहूर उठलं की प्रकाशकांनी घाबरून स्वतःच नियमावली केली: वाईटाचा जय दाखवायचा नाही, आईवडिलांचा मान ठेवायचा. त्या संघटनेचे पुढारी जॉन गोल्डवॉटर, आर्चीचेच प्रकाशक. म्हणजे आपण जिला जुन्या काळची नीती म्हणून सुस्कारे टाकतो त्यातली बरीचशी भीतीपोटी आलेली होती. पुढे 2017 साली त्याच आर्चीवरून 'रिव्हरडेल' मालिका आली, आणि ती सुरू होते एका मुलाच्या खुनाने. आमच्या मोठ्या नातीने ती आवडीने पाहिली. आम्ही तीन भाग बसलो, मग उठून भांडी घासली. पण नात म्हणते त्यातही तथ्य आहे: जुना आर्ची दोन मुलींना झुलवत ठेवतो आणि त्यात कोणालाच वाईट वाटत नाही, हे कुठल्या नीतीत बसतं?

भारतात गाडी उलटी धावली. 1967 साली दिल्लीच्या टीव्हीवर प्रश्नमंजूषा चालली होती. ग्रीक देवांची नावं सांगणाऱ्या मुलांना रामाची आई कोण हे सांगता आलं नाही. ते पाहून अनंत पै यांनी अमर चित्रकथा काढली. टीव्हीमुळे चित्रकथा जन्माला आली, आणि पुढे तीच कार्टून होऊन टीव्हीवर गेली. आपल्या यहुदी घरांतसुद्धा ते अंक होते, शिवाजी महाराज आणि झाशीची राणी आमच्या मुलीने त्यांतूनच ओळखली, तेही सिंगापूरला.

बॅटमॅनची गोष्ट अर्धी राहिली. बॅटमॅनवर बॉब केन हे एकच नाव छापून यायचं. पण पोशाख, स्वभाव, गोष्टी, ह्यांतलं पुष्कळसं त्याचा मित्र बिल फिंगर याचं. केनचा करार पक्का, फिंगरचा नाही. 1966 च्या त्या मालिकेसाठी फिंगरने एका साथीदाराबरोबर एक गोष्ट लिहिली, दोन भागांची. पडद्यावर बॅटमॅनबरोबर त्याचं नाव आलेलं ते त्याच्या हयातीतलं एवढंच. 1974 साली तो गेला. त्याच्या नातीने हा विषय लावून धरला, आणि 2015 साली 'गॉथम' ह्या टीव्ही मालिकेत बॅटमॅनच्या जनकांत केनच्या बरोबरीने फिंगरचं नाव येऊ लागलं. आमच्या नातवाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने शाळेच्या गटातल्या प्रकल्पाची वही आणली, आणि मुखपृष्ठावर राहिलेलं चौथ्या मुलाचं नाव पेनाने लिहिलं. त्या मुलाने चित्रं काढली होती म्हणे.

जाता जाता एक विनंती. आमचे वेताळाचे अंक पनवेलच्या घरी वाळवीने खाल्ले. कोणाकडे मराठी इंद्रजालचे जुने अंक शिल्लक असतील तर आठवडाभर वाचायला द्यावेत. कव्हर घालून, न दुमडता परत करू. नातवाला डेंकालीचं जंगल कागदावर बघायचं आहे, आणि तो रांगेत पहिला आहे.